आबांचे पेव आणि आजीची उतरंड

सोलापूर जिल्ह्यात मंगळवेढे नावाचे जुने गाव आहे. त्याच्या आसपासची जमीन काळीभोर, खोल आणि चिकण. पावसाळ्यात त्या रानातून चालू लागले, तर पायताणाला शेरभर माती चिकटते; उन्हाळ्यात त्याच रानाला हात आत जाईल एवढ्या भेगा पडतात. पाऊस तेथे बेताचाच. वर्षाकाठी पाचशे ते सहाशे मिलिमीटर पडला, तरी लोक समाधान मानतात. इतर ठिकाणचा शेतकरी मृगाची वाट पाहतो. आमच्याकडचा उत्तरा आणि हस्त या नक्षत्रांकडे डोळे लावून बसतो. हस्ताचा पाऊस जमिनीत मुरला, की ज्वारी पेरायची. त्यानंतर त्या पिकावर आभाळातून फारसे पाणी पडले नाही, तरी काळ्या मातीने पोटात धरून ठेवलेल्या ओलीवर ते वाढते आणि संक्रांतीच्या सुमारास कणसांत दाणा भरतो. ही ती मालदांडी ज्वारी. तिच्या भाकरीची चव ज्याने चाखली, त्याला दुसरी भाकरी सहसा रुचत नाही. या ज्वारीला २०१६ साली भौगोलिक मानांकन मिळाले, तेव्हा गावोगावी तिचे कौतुक झाले. आमच्या घरात मात्र तिला ज्वारी असे कोणी म्हणत नसे. जोंधळा हाच आमचा शब्द.

मंगळवेढ्यापासून दोन कोसांवर आमचे घर होते. घर माळवदाचे, म्हणजे सपाट मातीच्या छताचे. पुढे ओसरी, आत सोपा, त्याच्या आत माजघर आणि मागे परसू. माजघरात दिवसाही अंधार असे. त्या अंधारात आजीचे राज्य होते, आणि ओसरीवरच्या उजेडात आबांचे. माझे वडील, चुलते, आई, काकी आणि आम्ही सहा भावंडे या दोन राज्यांत दिवसभर ये-जा करीत असू.

आबा उंच आणि अंगाने सडपातळ होते. डोक्याला पांढरा पटका, अंगात बाराबंदी आणि हातात बोरीची काठी. त्यांना लिहिता-वाचता बेताचेच येई. पण मातीची परीक्षा त्यांच्यासारखी कोणी करीत नसे. पेरणीच्या दिवसांत ते आम्हांला रानात नेत. वीतभर खोलीवरची माती मुठीत घेऊन तिचा गोळा करीत आणि छातीइतक्या उंचीवरून तो खाली सोडीत. गोळा पडून तसाच राहिला, तर जमीन अजून ओली. पडताच तो फुटून मोकळा झाला, तर वाफसा आला, आता पाभर जुंपायला हरकत नाही. मुठीत गोळाच होईना, तर वेळ टळून गेली. एवढे सांगून ते मातीचा हात पटक्याच्या शेवाला पुसत. त्याबद्दल आजी त्यांना रोज बोलत असे आणि ते रोज पुसतच असत.

आजी ठेंगणी, काळीसावळी आणि भराभर चालणारी. कोंबडा आरवण्याच्या आधी तिचे जाते सुरू होई. ती आणि काकी समोरासमोर बसत. एकच खुंटा दोघी मिळून ओढीत. आजी ओवीचा पहिला चरण म्हणे, काकी दुसरा. त्या ओव्यांत पंढरीचा विठोबा असे, माहेरचा भाऊ असे, आणि कधी कधी आमच्यापैकी कोणाचे तरी नावही येई. आपले नाव ओवीत आले, हे झोपेतच ऐकू आले, म्हणजे फार बरे वाटत असे. मध्येच गाणे थांबे. आजी मुठीने जात्याच्या तोंडात दाणे टाकी. त्या मुठीला 'घास' म्हणत. माणसांना घास, गुरांना घास, आणि दगडाच्या जात्यालाही घास! आमच्या लहानपणी ही गोष्ट आम्हांला मोठी नवलाची वाटे.

पेरणीच्या दिवशी या दोघांची राज्ये एक होत. पाभर आबा हाकीत. पण चाड्यावरची मूठ आजीची असे. चाडे म्हणजे पाभरीवरचे लाकडी वाडगे. त्याच्या तळाशी भोके असतात आणि त्यांतून पोकळ नळ्यांवाटे बी जमिनीत उतरते. चाड्यात मुठीने बी सोडीत जाणे दिसायला सोपे, पण करायला कठीण. मूठ सैल पडली, तर बी दाट पडून रोपे एकमेकांना खातात. मूठ आवळली, तर ओळीत खांडे पडतात. बैल ठेचाळले, पाभर डगमगली, तरी आजीच्या बोटांमधून बी सारखेच गळत राही. आठ दिवसांनी उगवण झाली, म्हणजे आबा बांधावर उभे राहून ओळी न्याहाळीत आणि काही न बोलता घरी येत. ती न बोललेली शाबासकी आजीला बरोबर कळत असे.

पौषात कणसे भरली, म्हणजे हुरड्याचे दिवस येत. रानातच खड्डा करून त्यात गोवऱ्यांची आगटी पेटवायची, कोवळी कणसे तिच्या आरात भाजायची आणि गरम असतानाच तळहातांवर चोळून दाणे मोकळे करायचे. आबांचे तळहात इतके राठ होते, की त्यांना चटका म्हणून बसत नसे. ते कणसामागून कणीस चोळीत आणि आम्ही सहाजण त्यांच्यापुढे पितळ्या घेऊन बसत असू. शेंगदाण्याची चटणी आणि गूळ असला, की दुसरे काही नको. वाटेने जाणारा कोणी दिसला, तर आबा त्याला हाक मारून बसवीत. ओळखीचा असो वा नसो, हुरडा खाल्ल्यावाचून त्याला पुढे जाऊ देत नसत.

आबांचा हात असा सैल होता. खळ्यावर तर तो अधिकच सैल होई. शेणाने सारवलेल्या खळ्यात मधोमध तिवडा रोवलेला, त्याच्याभोवती बैलांची पात फिरत आहे, मग वाऱ्याची दिशा पाहून उफणणी आणि शेवटी पांढऱ्या दाण्यांची रास, हे सर्व होईपर्यंत आठवडा जाई. रास लागली, की सुतार, लोहार, चांभार, न्हावी, परीट अशी वर्षभर राबलेली माणसे आपापले बलुते न्यायला येत. त्या व्यवस्थेत उच्चनीचतेचा दोष होता. कोणी खळ्यात येऊन बसे, तर कोणाला खळ्याबाहेर उभे राहून पदर पसरावा लागे. ते झाकून ठेवण्याचे कारण नाही. आबा मात्र बाहेर उभ्या असलेल्यांकडे आधी जात आणि ठरल्यापेक्षा सूपभर अधिक घालीत. आजी राशीजवळ बसून मोजीत असे. तिसरे-चौथे सूप गेले, की ती म्हणे,

"अवं, रास घरी न्यायची हाय का न्हाय?"

आबा हसून म्हणत, "मंगळवेढ्याची माणसं आपण. दामाजीपंताचं नाव राखाया नको?"

दामाजीपंत हे पंधराव्या शतकात बहामनी राज्याच्या वतीने मंगळवेढ्याचा कारभार पाहत होते. भयंकर दुष्काळ पडला, तेव्हा त्यांनी सरकारी कोठारे उघडून लोकांना धान्य वाटले आणि पुढे विठोबाने महाराच्या रूपाने बिदरच्या दरबारात जाऊन त्याची भरपाई केली, अशी कथा सांगतात. मंगळवेढ्यास त्यांचे मंदिर आहे. आबा बाजाराला गेले, म्हणजे तेथे माथा टेकल्यावाचून परत येत नसत. परंतु आजीला या कथेचे उत्तर ठाऊक होते. ती म्हणे, "त्यांनी राजाचं कोठार वाटलं. ही रास माझ्या नातवंडांची हाय."

रास घरी आली, की तिचे तीन भाग होत. वर्षभराच्या खर्चाचे धान्य तुराट्यांच्या कणगीत जाई. उरलेले पेवात. आणि बियाणे उतरंडीत.

पेव आमच्या घरासमोर होते. गावाच्या वस्तीच्या जागेला 'पांढरी' म्हणतात व शेतीच्या जमिनीला 'काळी'. काळीत ओल फार; म्हणून पेव खणायचे ते पांढरीत. त्याचे तोंड एक माणूस कसाबसा उतरेल एवढे अरुंद, आणि पोट मात्र घागरीसारखे फुगीर. तळाला व बाजूंना कडबा आणि भुसा यांचे अस्तर देऊन आत जोंधळा ओतीत. वर पुन्हा भुसा, त्यावर दगडी शिळा आणि शिळेच्या सांधी शेणमातीने लिंपलेल्या. असे पेव वर्षानुवर्षे बंद राही. आतला दाणा हा सजीवच असतो. तोही श्वास घेतो. कोंडलेल्या जागेतला प्राणवायू त्यामुळे हळूहळू संपतो, कार्बन डायऑक्साइड साठतो आणि किड्यांना जगता येत नाही. दाणे टिकण्याचे कारण हेच, आणि पेव धोक्याचे असण्याचे कारणही हेच. शिळा काढल्याबरोबर आत उतरलेला माणूस गुदमरून जायचा. म्हणून पेव उघडले, की आबा ते बराच वेळ तसेच ठेवीत आणि मग दोरीने पेटता कंदील आत सोडीत. कंदील विझला, तर कोणी पेवाजवळ फिरकायचे नाही. आम्हां मुलांना त्या वेळी ओसरीवर बसवून ठेवलेले असे आणि आई दारात आडवी उभी राही.

पेवातला जोंधळा खायला चाले, त्याला थोडा कुबट वास येई इतकेच. परंतु तो पेरायला चालत नसे. कोंडलेल्या, दमट जागेत राहून त्याची उगवण्याची शक्ती कमी होते. म्हणून बियाण्याचा मार्ग निराळा होता आणि तो सर्वस्वी आजीच्या हाती होता. पीक उभे असतानाच ती रानभर फिरे. भरगच्च, एकसारख्या दाण्यांची, न किडलेली कणसे खुडून ओटीत टाकी. ती घरी आणून उन्हात वाळवी, हातानेच मळी, दाण्यांत राख आणि कडुनिंबाचा वाळलेला पाला कालवी आणि मडक्यांत भरून तोंडे लिंपून टाकी. माजघराच्या कोपऱ्यात मोठ्या मडक्यावर लहान, त्यावर त्याहून लहान, अशी ती उतरंड उभी असे. पेरणीच्या आधी ती मूठभर दाणे ओल्या फडक्यात बांधून ठेवी आणि किती मोडले ते मोजून पाही. एकरी पायलीभर बी लागते. आम्ही सहा एकर जोंधळा पेरीत असू. तरी आजी मणभर, म्हणजे बारा पायल्या, बी ठेवीत असे. सहा पायल्या पेरणीला. आणि उगवण फसलीच, तर दुबार पेरणीला आणखी सहा.

मी सातवीत होतो, त्या वर्षी, म्हणजे १९७२ साली, पाऊस आला नाही. आधीचे सालही बेताचेच गेले होते. उत्तरा कोरडी गेली, हस्त कोरडा गेला. आबा रोज रानात जाऊन माती मुठीत घेत. गोळा होतच नव्हता. दिवाळीपूर्वीच विहिरीचा तळ दिसू लागला. सबंध महाराष्ट्रात असा दुष्काळ पूर्वी कोणी पाहिला नव्हता. सरकारने ठिकठिकाणी खडी फोडण्याची, रस्त्यांची आणि पाझर तलावांची कामे काढली. १९७३ च्या उन्हाळ्यात राज्यभर अशा कामांवर लक्षावधी माणसे राबत होती. पुढे प्रसिद्धीस आलेल्या रोजगार हमी योजनेची पाळेमुळे याच दिवसांत रुजली. आमचे वडील, चुलते, आई आणि काकी पहाटे उठून खडीवर जात. तेथे मुलांना सुकडी मिळे. परदेशातून आलेला लाल मिलो रेशनवर मिळे. त्याची भाकरी थापताना तुटे आणि खाताना घशात अडके. आजी ती न कुरकुरता खाई. पण तिला भाकरी मात्र ती कधीच म्हणाली नाही.

त्या हिवाळ्यात पेव उघडले. १९७० च्या सुगीत भरलेला जोंधळा आत होता. कंदील दोनदा विझला, तिसऱ्यांदा जळत राहिला, तेव्हा चुलते आत उतरले. बातमी गावात पसरायला वेळ लागला नाही. दुसऱ्या दिवसापासून ओसरीवर माणसे येऊ लागली. आबा कोणालाही नाही म्हणत ना. आजी माप घेऊन बसली. ती म्हणाली, "द्या, पण घरटी शेर. आणि सांगा, की हे समद्यांचं हाय, म्हणून थोडं हाय." आबांनी ते मानले. देणारा हात त्यांचा आणि माप आजीचे, अशी ती वाटणी तीन महिने चालली. फाल्गुन संपता संपता पेवाचा तळ लागला. काठाकाठाचा काळा पडलेला जोंधळा बैलांना घातला. कडबा संपल्यावर एक बैलजोडी विकावी लागली. ती बाजाराला निघाली, तेव्हा आबा ओसरीवरून उठून परसात गेले आणि संध्याकाळपर्यंत कोणाशी बोलले नाहीत.

आता घरात जोंधळा उरला होता तो उतरंडीतला. चैत्रातल्या एका रात्री वेशीकडच्या घरातली एक बाई आली. तिची दोन पोरे तापाने निजलेली होती आणि मिलो त्यांच्या पोटात ठरत नव्हता. पेजेपुरते मूठभर जोंधळ्याचे पीठ मिळाले तर पाहावे, म्हणून ती आली होती. आबांनी माजघराकडे पाहिले. आजी दारातच उभी होती.

"बी हाय ते," ती म्हणाली.

"लेकरं आजारी हायती," आबा म्हणाले.

"व्हय. पण बी हाय ते."

एवढा वेळ कोणी काही बोलले नाही, की चिमणीची वातसुद्धा चरचरलेली ऐकू आली. मग आजी आत गेली. माझ्या सर्वांत धाकट्या बहिणीसाठी तिने पेवातल्या जोंधळ्याचे दोन शेर पीठ गाडग्यात झाकून ठेवले होते. त्यातले अर्धे तिने त्या बाईच्या पदरात घातले. उतरंडीला हात लावला नाही. ती बाई गेल्यावर आबा म्हणाले, "मण भर बी. त्यातलं पायलीभर गेलं असतं, तर काय झालं असतं?" आजीने उत्तर दिले नाही. त्या रात्री आम्हां मुलांना आजी फार कठोर वाटली. आईलाही वाटली असावी. पण ती काही बोलली नाही.

१९७३ साली पाऊस आला. मृगानेच सुरुवात केली, आणि भाद्रपदात रानात पाय रुतू लागला. आबांच्या मुठीतला गोळा पुन्हा बांधला जाऊ लागला. परंतु गावात आता निराळीच चिंता होती. अर्ध्याअधिक घरांत बियाणे नव्हते. ते उन्हाळ्यात पोटात गेले होते. बाजारात बी मिळत होते, पण त्याला पैसा लागे, आणि ते कोणत्या रानातले, किती जुने, याचा भरवसा नव्हता. वाफसा तर चार दिवस थांबतो. पाचव्या दिवशी जमीन तडकू लागते.

आजीने उतरंड उतरवली. ओल्या फडक्यातल्या शंभर दाण्यांपैकी नव्वदांहून अधिक दाणे मोडले होते. तिने सहा पायल्या बाजूला काढल्या आणि मला म्हणाली, "जा, वेशीकडल्या घरातनं तिला बोलावून आण. म्हणावं, पिशवी घिऊन ये." बाई आली. आजीने तिच्या पिशवीत दोन पायल्या बी मोजून घातले. शिगेवर शीग लावून. मग म्हणाली,

"खायाला मागितलंस तवा दिलं न्हाय. पेराया देते."

ती बाई रडू लागली. आजीला रडणे आवडत नसे. ती म्हणाली, "रडू नगं. वाफसा जाईल."

उरलेल्या चार पायल्या आणखी दोन घरी गेल्या. आता काळजी करण्याची पाळी आबांची होती. ते म्हणाले, "अगं, दुबार पेरायची वेळ आली, तर?"

"आली तर बघू," आजी म्हणाली. "तुम्ही पाभर सरळ हाका, म्हंजे झालं."

एकाच बैलजोडीने आमची पेरणी लांबली. चौथ्या दिवशी वेशीकडच्या घरातले दोघे भाऊ आपणहून आले आणि उरलेले दोन एकर त्यांनी आपल्या बैलांनी पेरून दिले. चाड्यावर मूठ मात्र शेवटपर्यंत आजीचीच होती. दुबार पेरणीची वेळ आली नाही. १९७४ च्या पौषात आगटीभोवती पुन्हा माणसे बसली. त्या वर्षी आबा वाटसरूला हाक मारीत, तेव्हा आजी "बसा की" म्हणून दुसरी हाक मारीत असे, हे मी स्वतः ऐकले आहे.

सुगी झाल्यावर ती बाई बी परत घेऊन आली. रिवाज सवाईचा होता, म्हणजे चार पायल्यांना पाच. त्या हिशेबाने तिने दोन पायल्यांवर अर्धी अधिक आणली होती. आजीने दोन पायल्या मोजून घेतल्या आणि अर्धी तिच्या पदरात परत टाकली. घेतलेले दाणे सूपभर पसरून तिने एक-एक निरखले व त्यांतले चांगले तेवढे उतरंडीत भरले.

त्यानंतर पेव पुन्हा भरले गेले नाही. पत्र्याच्या कोठ्या आल्या, रेशनचे दुकान आले, पाटाचे पाणी काही शिवारांत पोचले. पेवाच्या शिळेवर आम्ही सागरगोटे खेळू लागलो आणि पुढे आमच्या मुलांनीही ते खेळले. म्हातारपणी आबांना कोणी नातवंड विचारी, "आबा, पेवात किती जोंधळा मावायचा हो?" आबा काठीवर हनुवटी टेकवून थोडा वेळ विचार करीत आणि म्हणत,

"ते मला न्हाय ठावं. मी नुसता दिला. मोजला तुझ्या आजीनं. जा, तिला इचार."

स्वाध्याय

१. वाफसा आला की नाही, हे आबा कसे ओळखत?

२. पेवातील धान्य खायला चालत असे. पण पेरायला का चालत नसे?

३. "खायाला मागितलंस तवा दिलं न्हाय. पेराया देते." आजीने पहिल्या वेळी नकार का दिला व दुसऱ्या वेळी बी का दिले? तुम्ही तिच्या जागी असता, तर चैत्रातल्या त्या रात्री काय केले असते?

४. पुढील शब्दांचा अर्थ सांगून वाक्यांत उपयोग करा : माळवद, उतरंड, चाडे, बलुते, सवाई.

५. तुमच्या घरातील वडीलधाऱ्या माणसांना विचारून, त्यांच्या लहानपणी धान्य व बियाणे कसे साठवीत असत, याची माहिती दहा-बारा ओळींत लिहा.